कूलर चालू, माणूस म्यूट

अमरावती–अकोला रस्त्याला वऱ्हाडातली माणसं कैक वर्षं नावं ठेवत आली. त्याला जगात नाव मिळालं ते २०२२ च्या जूनमध्ये, आणि तेही पाच दिवसांत. ३ जूनला सकाळी डांबर अंथरायला सुरुवात झाली, ७ जूनच्या संध्याकाळी हात थांबले. मधे १०५ तास ३३ मिनिटं गेली, ७२० माणसं दिवसरात्र राबली, आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वरच्या सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाची नोंद गिनीज बुकात झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, दोह्याचा, पंचवीस किलोमीटरच्या जरा वर. मूर्तिजापूरच्या बाजूनं आपण कतारला हरवलं, हा विषय आमच्याकडच्या पानठेल्यांना पुढे बरेच दिवस पुरला.

विक्रमाच्या सरकारी निवेदनात एक खुलासाही होता. हे ७५ किलोमीटर एका लेनचे. दुपदरी रस्त्याच्या हिशेबात ते साडेसदतीस भरतात. यात लपवाछपवी काही नाही. डांबर तेवढंच, घाम तेवढाच. फक्त सांगताना ७५ सांगायचे की साडेसदतीस, एवढाच प्रश्न, आणि सांगणाऱ्यानं तो बरोबर सोडवला. मला तर वाटतं, हे निवेदन लिहिणारा वऱ्हाडी नसावा. आमच्यातल्या कोणाला विचारलं असतं, ‘काय काम केलं हो चार दिवस?’ तर तो मान खाजवत म्हणाला असता, ‘काई नाई साहेब, मूर्तिजापूरच्या इकडं थोडंसं डांबर टाकलं.’ साडेसदतीस तर सोडाच, किलोमीटरचा उल्लेखसुद्धा आला नसता.

हा ‘थोडंसं’ आमच्या हाडीमाशी मुरलेला आहे. मात्र वऱ्हाडी माणूस लाजाळू आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. अमरावतीच्या राजकमल चौकात उभं राहून वर पाहावं. तिथे वाढदिवसाच्या फलकांवर माणसं दिसतात ती सफारीत, गॉगल लावून, हात जोडून, आणि खाली शुभेच्छुक म्हणून आणखी चाळीस डोकी. ‘भावी’ या विशेषणाचा जेवढा वापर आमच्याकडे होतो तेवढा व्याकरणाच्या पुस्तकातही नसेल. लग्नात बँडपुढे नाचायला, पंगतीत आग्रह करायला, पोळ्याला आपल्या बैलजोडीचं कौतुक करायला आम्ही मागे नाही. मित्राची बाजू घेऊन चौकात तासभर बोलू. अडतं ते एकाच ठिकाणी. टेबलावर बसून आपण स्वतः जे काम केलं, ते साहेबाला सरळ शब्दांत सांगायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. फलकावर माणूस दिसतो आणि त्याचं काम दिसत नाही. कचेरीत काम दिसतं, पण ते करणारा माणूस दिसत नाही. या दोन्हींची गाठ घालून देणारा मध्यस्थ वऱ्हाडात अजून जन्माला यायचा आहे.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. तो अकोल्याला जठारपेठेत राहतो आणि पुण्याच्या एका कंपनीत काम करतो. कोरोनात घरी आला तो घरूनच काम करत राहिला. पोरगा हुशार, कामाला वाघ. यंदा वार्षिक मूल्यमापनात त्याच्या साहेबानं त्याला सांगितलं, की तुझं काम उत्तम आहे, पण तुझी व्हिजिबिलिटी कमी पडते. बढती पुढच्या वर्षी पाहू.

माझी बहीण हे ऐकून चक्रावली. तिला एवढंच कळलं, की पोरगा साहेबाला दिसत नाही. ती म्हणाली, ‘अरे, रोज सकाळून आंघोय करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या कॅमेऱ्यासमोर बसतं. खाली बर्मुडा असली तरी वर तं दिसूनच राहिला ना तू? अजून किती दिसाव म्हणते तुहा साहेब?’

भाच्यानं मला फोन केला, कारण सरकारी नोकरीत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या मामाला बढतीबद्दल काही माहीत असेल, असा त्याचा समज. मी अकोल्याला गेलो. एप्रिल संपत आला होता. अकोल्याचं नाव राज्यभर झळकतं ते याच दिवसांत. पारा पंचेचाळिशीच्या घरात गेला की पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं आमची अगत्यानं चौकशी करतात. एरवी अकोला कुठे आहे हे सांगताना ‘शेगावच्या अलीकडं’ असं म्हणावं लागतं.

भाच्याच्या खोलीत बसलो आणि दुखणं मला पाच मिनिटांत सापडलं. खिडकीत लोखंडी बॉडीचा कूलर होता. नव्या ताट्या, भरलेली टाकी, आणि पंख्याचा असा आवाज की एस.टी. घाटात चढते आहे असं वाटावं. मीटिंग सुरू झाली. पडद्यावर पुणे, बंगळुरू, हैदराबाद, सगळे वातानुकूलित चेहरे. भाचा म्यूटवर. कोणीतरी प्रश्न विचारला, त्याचं उत्तर याला ठाऊक होतं, यानं मला हळूच सांगितलंसुद्धा. पण बोलायचं तर आवाज सुरू करायला हवा, आवाज सुरू केला की कूलर तिकडे ऐकू जाणार, आणि कूलर बंद केला तर दहा मिनिटांत पोराचा हुरडा होणार. तोवर हैदराबादचा कोणी बोलून गेला. उत्तर अर्धवट होतं, पण ते ऐकू आलं. साहेब म्हणाला, ‘व्हेरी गुड पॉइंट.’

मार्चपासून पाऊस पडेपर्यंत असं चालतं. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत नेतृत्वगुण, आत्मविश्वास, देहबोली असल्या पुष्कळ गोष्टी लिहिलेल्या असतात, विदर्भातल्या कूलरबद्दल त्यांत अवाक्षर नाही.

भाच्यानं स्वतःही काही उपाय शोधले होते. यूट्यूबवर कोणी सुटातला माणूस सांगत होता, की मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी बोला, दर शुक्रवारी साहेबाला आठवड्याच्या कामाची मेल लिहा, वरिष्ठांबरोबर कॉफी प्या. कॉफीचा प्रश्न अंतरानंच निकालात काढला होता. लिंक्डइनवर इतरांनी लिहिलेलं त्यानं मला वाचून दाखवलं. तिथे प्रत्येकालाच काही ना काही सांगताना अत्यंत आनंद होत असतो, आणि तीन तासांचं प्रशिक्षण घेतलेला माणूसही आपल्या प्रवासाबद्दल आईवडिलांपासून सगळ्यांचे आभार मानतो. ‘मामा, हे आपल्याच्यानं नाई होत,’ भाचा म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला आणि काळजीही वाटली.

शुक्रवारच्या मेलचा मसुदा मात्र त्यानं केला होता. त्यात एक ओळ होती: पगाराच्या प्रणालीत छोटी दुरुस्ती केली. मी विचारलं, ‘छोटी म्हणजे केवढी?’ तेव्हा हळूहळू बाहेर आलं, की महिनाअखेरीला पगाराचा हिशेब चुकत होता, कोणाला कारण सापडत नव्हतं, हा सलग दोन रात्री बसला आणि त्यानं ते शोधून काढलं. नाहीतर कंपनीतल्या सगळ्यांचेच पगार लांबले असते. ‘मग हे काऊन नाई लिहिलं?’ ‘आता त्यात काय सांगायचं मामा, आपलं कामच हाय ते.’ घ्या. मूर्तिजापूरच्या इकडं थोडंसं डांबर टाकलं.

आमच्या नोकरीत दिसण्याची सोयच वेगळी होती. तिथे सेवाज्येष्ठता यादी असते. तुम्ही कितीही चमकलात तरी यादीतल्या वरच्या माणसाला ओलांडता येत नाही, आणि कितीही झाकोळलात तरी कधीतरी नंबर येतोच. त्यातूनही जागा रिकामी झाली नाही तर माणूस कुजू नये म्हणून सरकारनं वेतनश्रेणी वाढवून द्यायची योजना काढली. आधी बारा वर्षांनी, मग बारा आणि चोवीस वर्षांनी, आणि सातव्या वेतन आयोगानंतर दहा, वीस आणि तीस वर्षांनी. कागदोपत्री तिचं नाव सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना. कर्मचारी तिला ‘दहा-वीस-तीस’ म्हणतात, लपाछपीत राज्य घेणाऱ्यानं आकडे मोजावेत तसं. आमच्या खात्यात पुष्कळ माणसं खरोखरच तीसपर्यंत लपून राहिली आणि कोणी त्यांना शोधायलाही आलं नाही.

लपलेल्या माणसाची एकच वस्तू साहेबाच्या कपाटात असायची, ती म्हणजे गोपनीय अहवाल. या अहवालाची गंमत नव्या पोरांना सांगितली तर खरी वाटत नाही. साहेब वर्षाच्या शेवटी तुमच्याबद्दल शेरा लिहिणार. शेरा प्रतिकूल असेल तर तुम्हाला पत्र पाठवून कळवणार. चांगला असेल तर कळवायचं कारण नाही. म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत माणसाला स्वतःविषयी लेखी कळायचं ते फक्त वाईट. ‘चांगला’ आणि ‘अत्युत्कृष्ट’ या दोन शेऱ्यांत बढतीपुरतं जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. आणि आपल्याला नुसतं ‘चांगला’ मिळालंय हे बिचाऱ्याला शेजारचा पुढे निघून गेल्यावर कळायचं. शेवटी २००८ साली देव दत्त नावाच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की शेरा कोणताही असो, तो त्या माणसाला कळवलाच पाहिजे. चांगलं काम केलंस, एवढं माणसाच्या कानावर जावं म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला निकाल लिहावा लागतो! इतकी कौतुकाची टंचाई पाण्याचीही नसेल, तीही वऱ्हाडात.

मी ज्या कचेरीत होतो तिथे आस्थापनेला एक बाई होत्या. नियम तोंडपाठ, अक्षर छापल्यासारखं. कोणत्याही गुंतागुंतीच्या प्रकरणावर त्यांची टिपणी आली की साहेबाला फक्त सही करायची उरे. ती टिपणी पुढे साहेबाचा अभिप्राय म्हणून वर जाई आणि वरचे लोक म्हणत, ‘यांचा नियमांचा अभ्यास फार दांडगा!’ बाई खाली मान घालून पुढची नस्ती उघडत. त्या सेवानिवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभात शाल, श्रीफळ, साडी झाली आणि साहेब पंचवीस मिनिटं बोलले. बाईंच्या अंगी असलेले गुण त्यांनी एकेक करून सांगितले. सगळे खरे होते. गोपनीय अहवालात मात्र त्यांतला एकही नव्हता. निरोपाचं भाषण आणि अहवालाचा शेरा यांची अदलाबदल करावी, अशी सूचना मी तेव्हाच्या कर्मचारी संघटनेला केली होती. ती हसण्यावारी गेली. ती सूचना गंभीर होती, असं माझं अजूनही मत आहे.

‘तुम्ही काम करत राहा, काम बोलतं,’ हे वाक्य त्या कचेरीत मी शेकडो वेळा ऐकलं. ते म्हणणारा दर वेळी खुर्चीनं वरचा असायचा. खालून वर जाताना ते मी कधी ऐकलं नाही. काम खरंच बोलत असतं, तर त्यानं निदान बाईंचं नाव तरी घेतलं असतं.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण पाहायचं असेल तर आपल्याच इतिहासात आहे. वऱ्हाड हा मुलूख निजामाचा; १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे मध्य प्रांताला जोडला गेला. कारभार सगळा इंग्रजांकडे. पण मालकीचा मान राहावा म्हणून १९३६ च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या मुलाला किताब मिळाला, प्रिन्स ऑफ बेरार. म्हणजे वऱ्हाडचा युवराज. राज्य नाही, सारा नाही, फाईल नाही, उन्हाळा तर नाहीच; मुक्काम हैदराबादेत. काम शून्य आणि व्हिजिबिलिटी शंभर टक्के. आजच्या कंपन्यांत अशी पदं असतात असं भाचा सांगतो. त्यांची इंग्रजी नावं फार लांबलचक असतात.

यावर कोणी मला गाडगेबाबांचं नाव सांगेल, आणि सांगावंच. शेणगावच्या या माणसानं कधी पाया पडू दिलं नाही, गळ्यात हार घालू दिला नाही. चिंध्या पांघरून, डोक्यावर गाडगं घालून गावात शिरायचं, हातात खराटा घ्यायचा, गटारापासून सुरुवात करायची. नाशिकला, पंढरपुराला, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र कुठेही मुक्कामाला चिकटले नाहीत. प्रसिद्धीपासून पळणारा यांच्याइतका दुसरा माणूस वऱ्हाडानं पाहिला नाही. पण बाबांचा दिवस खराट्यावर संपत नसे, हे आपण विसरतो. सकाळी झाडलेल्या त्याच गावात रात्री कीर्तन असायचं. लोकांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचं, की घाण कोणी केली, कर्ज कोणी काढलं, पोराला शाळेतून कोणी काढलं. झाडलेलं गाव लोकांना दिसलं पाहिजे, याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली. दिसू दिलं नाही ते फक्त स्वतःला, आणि ती त्यांची स्वतःची निवड होती. आस्थापनेच्या बाईंना कोणी निवड करायला सांगितलंच नव्हतं. संतांनी स्वखुशीनं सोडलेली गोष्ट कारकुनाकडून सक्तीनं काढून घ्यायची आणि वर त्याला नम्रता म्हणायचं, हा हिशेब मला पटत नाही.

बाबांच्या नावानं २०००–०१ पासून राज्यात ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं, २००५ मध्ये अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं. दोन्ही चांगलंच झालं. पण अभियानाच्या तपासणीचे काही फोटो मी पाहिले आहेत. ओळीनं उभे पाहुणे, प्रत्येकाच्या हातात कोरा खराटा, दोरीसुद्धा न सुटलेली, आणि पायाखालची जागा आदल्या दिवशी कोणीतरी झाडून ठेवलेली. झाडणारा फोटोत नाही. त्या ‘कोणीतरी’चं नाव काय, हे फोटो काढणाऱ्यानं विचारलं असतं तर खर्च काहीच आला नसता.

नोंदीचं महत्त्व अमरावतीत कोणाला कळलं असेल तर दादासाहेब खापर्ड्यांना. वकिली जोरात, थाट असा की लोक वऱ्हाडचे नवाब म्हणत. १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. पण आज अभ्यासकांचं त्यांच्यावाचून अडतं ते त्या नवाबीमुळे नव्हे. हा माणूस वर्षानुवर्षं रोज डायरी लिहीत होता. कधी उठलो, कोण भेटलं, काय बोलणं झालं, सगळं. शिर्डीला साईबाबांकडे राहिले तेव्हाही लिहीत होते. साधं काम आहे, रोज अर्धा तास. त्या काळात अमरावतीत दुसरे वकील नव्हते थोडेच.

भाच्याला मी डायरी लिहायला लावली. रोज तीन ओळी: काय अडलं होतं, मी काय केलं, सोबत कोण होतं. ‘छोटं’, ‘थोडंसं’, ‘जरासं’ या तीन शब्दांना बंदी. शुक्रवारी त्यातूनच मेल निघते. सोबत कोण होतं हे लिहायला तो एका पायावर तयार झाला, कारण दुसऱ्याचं कौतुक करताना वऱ्हाडी माणसाची जीभ अडत नाही. त्यानं हैदराबादच्या त्या पोराचंही नाव एका मेलमध्ये लिहिलं. पुढच्या मीटिंगमध्ये तो पोरगा आपण होऊन म्हणाला, की खरं कारण अकोल्याच्या याला जास्त माहीत आहे.

नाइलाजानं भाच्यानं आवाज सुरू केला. कूलर सगळीकडे ऐकू गेला. साहेबानं विचारलं, ‘तू विमानतळावर आहेस का?’ भाचा म्हणाला, ‘नाही सर, अकोल्यात आहे. सेहेचाळीस आहे आज.’ सगळे हसले, आणि मग त्यानं हिशेबातली चूक दहा मिनिटं नीट समजावून सांगितली. आता कंपनीत त्याला ‘कूलरवाला’ म्हणून ओळखतात, आणि पगाराच्या प्रणालीत काही अडलं की त्यालाच विचारतात. बढतीचं पत्र अजून आलेलं नाही. त्याच्या आईनं कूलरला तेल घालायचं काढलं होतं, मी तिला थांबवलं.

सरकारी नोकरीत असाल तर मार्च संपला की ‘महापार’ या ऑनलाइन अहवाल-प्रणालीवर स्वमूल्यमापनाचा रकाना तुमच्याही समोर उघडेल. तिथे ‘नेमून दिलेली कामे वेळेत पार पाडली’ एवढंच लिहून बाहेर पडू नका. कोणतं प्रकरण किती वर्षं अडलं होतं आणि ते तुम्ही कसं सोडवलं, ते आकड्यांसकट लिहा. एका लेननं ७५ किलोमीटर झालं असेल तर ७५ लिहा, आणि एका लेनचं आहे हेही लिहा. आणि तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर या वर्षी कोणाच्या टिपणीवर नुसती सही केली ते आठवा, आणि त्या माणसाच्या अहवालात त्याचं नाव घेऊन एक वाक्य घाला. निरोप समारंभापर्यंत थांबू नका.